बारा नंबरचं कार्ड

१

गोजराबाईंना अक्षर ओळखता येत नाही, पण स्वतःचा दाणा ओळखता येतो. शेलूबाजारच्या हिरवीवाट बियाणे उत्पादक संघात शिकलेली माणसं पुष्कळ होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही हे दुसरं जमत नव्हतं.

मंगळवारी सकाळी बाई जऊळक्याहून जीपने आल्या त्या आपलं कार्ड बघायला. संघात नवं मशीन बसलं होतं. सोयाबीनच्या बियाण्याचा एक ट्रे त्यात सरकवायचा, आतला कॅमेरा फोटो काढतो, भिंतीवरच्या टीव्हीवर तो मोठा होऊन दिसतो, आणि त्याच फोटोवरून दर्जा ठरून फोटोसकट कार्ड छापून येतं. ज्याचं कार्ड अव्वल, त्याचंच बियाणं संघाच्या पिशवीत भरून गावोगावी पेरायला जातं. शुक्रवारी निघालेली कार्डं फळ्यावर टाचलेली होती. अकरा नंबर गोजराबाईंचा, आणि अव्वल. बाईंनी समाधानाने मान डोलावली, शेजारच्या बारा नंबरकडे पाहिलं आणि तिथेच खिळून राहिल्या.

"हे बी माह्येच दाणे हायेत," त्या म्हणाल्या.

लोक हसले, कारण बारा नंबर संघाच्या अध्यक्षांचा, पंजाबरावांचा होता. बाईंनी हसणाऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही कार्डांवर डाव्या कोपऱ्यात फुटक्या कडेचा एक दाणा होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. निवडताना तो त्यांच्या हातून सुटला होता आणि शुक्रवारी टीव्हीवर दिसला तेव्हा त्या हळहळल्या होत्या. कुणीतरी मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, आणि हसणं बंद झालं. दाण्याला दाणा जुळत होता.

दुपारपर्यंत ते फोटो तालुकाभर फिरले. संध्याकाळी पंजाबरावांनी निकालसुद्धा देऊन टाकला. मशीनवर बसणाऱ्या वैष्णवीने आपल्याला बदनाम करण्यासाठी दुसऱ्याचा फोटो आपल्या कार्डावर चिकटवला, असं त्यांनी चार माणसांत सांगितलं. बुधवारी चार वाजता संचालकांची बैठक, तीत तिला काढून टाकायचं, आणि बैठक उठली की पोलिसांत तक्रार. वैष्णवी बावीस वर्षांची. लबाड म्हणून एकदा नाव गेलं की या भागात तिला कुणी पुन्हा कामाला उभं करणार नव्हतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने फक्त एक फोन केला, केनवडला.

२

सपना पडघान केनवडच्या घरी वरच्या खोलीत बसून एका परदेशी कंपनीचं काम करायची. कॅमेरा, ग्राफिक्सची चिप आणि पडदा या तिघांना कॉम्प्युटरची एकच मेमरी वापरायची असते. त्यांनी एकमेकांच्या पायावर पाय देऊ नये म्हणून प्रत्येकाचा कारभार बघणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सपना ते ड्रायव्हर लिहायची. गावात एवढंच पोचलं होतं की पडघानांची पोरगी ड्रायव्हर आहे आणि गाडी मात्र तिच्याकडे नाही. आठ वर्षं झाली, तिने ही समजूत दुरुस्त केली नव्हती. माणसांचे तिच्या हिशेबी दोनच प्रकार होते, न कळणारे आणि न कळता बोलणारे. पहिल्यांचं तिचं काही भांडण नव्हतं.

वैष्णवी केनवडला मामाकडे असताना सपनाने एक उन्हाळा तिला कॉम्प्युटर शिकवला होता. पोरगी हुशार होती, पण लबाडी करण्याइतकी नव्हती, असं सपनाचं मत होतं. सपनाची स्तुती याच धर्तीची असायची.

बुधवारी अकरा वाजता ती संघाच्या दारात उतरली. पंजाबराव बाहेरच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी त्या डायव्हर बाई ना? इथं गाडीचं काय काम?" सपनाने फक्त मशीन कुठे आहे ते विचारलं.

मशीन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर नरेंद्र आत होता. शुक्रवारी होता, आजही आला होता, कारण कंपनीची अब्रू त्याच्यावर सोपवलेली होती. तसली जोखीम त्या कंपनीनेच घ्यावी. नरेंद्र तोंड भरून इंग्रजी शब्द बोलायचा आणि प्रत्येक शब्दानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर त्याचा परिणाम तपासायचा. त्याचं म्हणणं एका ओळीचं होतं: मशीन चुकत नाही, म्हणजे माणूस चुकला, म्हणजे ही पोरगी.

सपनाने त्याला दोनच प्रश्न विचारले. टीव्ही सुरू झाल्यावर कार्ड छापणारा प्रोग्राम कॅमेऱ्याचं काम संपण्याची वाट बघतो का? नरेंद्र अभिमानाने हसला. ते थांबणं त्याने स्वतः काढून टाकलं होतं, त्यामुळे वेग वाढला होता. आणि परत आलेली मेमरीची पानं, म्हणजे वापरून मोकळे झालेले मेमरीचे तुकडे, दुसऱ्याला देण्याआधी पुसली जातात का? तेही त्याने काढलं होतं. पुसण्यात वेळ जातो.

"शाबास," सपना म्हणाली. नरेंद्रला ते खरं वाटलं.

समाईक विहिरीवर दोन भावांच्या मोटरी असतात तसा हा मामला असतो. एकाची पाळी संपली की त्याने हाक द्यायची, मग दुसऱ्याने बटण दाबायचं. कॅमेऱ्याने मेमरीच्या पानांवर फोटो लिहायचा, झालं म्हणून कळवायचं, आणि मगच ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने तीच पानं टीव्हीला आणि कार्डाला दाखवायची. नरेंद्रने हाक देणंच बंद केलं होतं. एरवी ते खपून जायचं, कारण कॅमेरा चपळ होता. पण टीव्ही बंद करून सुरू केला की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने पानं मागतो. त्याला मिळतात ती मघाचीच, न पुसलेली. कॅमेरा लिहायला लागण्याआधी त्याने ती दाखवली, तर आधीच्या ट्रेचा फोटो पुढच्या ट्रेच्या नावावर छापला जाणार.

सपनाने तिथल्या तिथे करून दाखवलं. आधी सोयाबीनचा ट्रे, मग टीव्ही बंद, टीव्ही चालू, मग तुरीचा ट्रे. तुरीच्या कार्डावर सोयाबीन छापून आलं. दुसऱ्यांदा तूर घातली तेव्हा तूरच आली. नरेंद्रचा चेहरा उतरला आणि तो मोबाइलमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं वाचू लागला.

वैष्णवी सुटली असं सपनाला वाटलं. तेवढ्यात पंजाबरावांपाठोपाठ संघाचे सचिव शालिग्राम दारात आले. शालिग्रामांच्या हातात वैष्णवीच्या टेबलाचा खण होता, अख्खा ओढून काढलेला. तो त्यांनी टेबलावर उलटा केला, आणि फाडलेल्या कार्डांचा ढीग पडला.

३

"देवाच्या ट्रेची हायेत ती," वैष्णवी म्हणाली.

देवाचा ट्रे म्हणजे काय, ते तिने खाली बघत सांगितलं. मशीन आलं त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं की टीव्ही सुरू केल्यावरचं पहिलं कार्ड खोटं निघतं. मग तिने एक रीत पाडली. रोज सकाळी, आणि लाइन जाऊन आली की प्रत्येक वेळी, हळदीकुंकू लावलेल्या दाण्यांचा एक ट्रे आधी घालायचा. तो देवाचा. त्याचं कार्ड फाडून टाकायचं, आणि मग लोकांचे ट्रे घ्यायचे. तिने हे सगळ्यांना सांगितलं होतं. नरेंद्र न ऐकताच हसला होता, पंजाबरावांनी मशीनपुढे नारळ फोडला होता, आणि हळदीकुंकवाची पुडी शालिग्राम आणून द्यायचे.

सपनाच्या ओठावर तिचं नेहमीचं हसू आलं होतं, मशीनला हळदीकुंकू लावणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं. ते अर्ध्यावर थांबलं. या पोरीने कोड उघडला नव्हता, तिला पान म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि तरी तिने नुसत्या निरीक्षणाने चूक नेमकी पकडली होती आणि तिच्यावर बिनचूक उपाय योजला होता. पगार घेणाऱ्या इंजिनिअरला हे सहा महिन्यांत जमलं नव्हतं. सपनाला स्वतःची लाज वाटली. तिला या भावनेची सवय नव्हती.

मग शुक्रवारी अकरा आणि बाराच्या मध्ये देवाचा ट्रे का घातला नाही? कारण टीव्ही बंद झालाच नव्हता, वैष्णवी म्हणाली. निदान तिच्यासमोर नाही. अकरा नंबरचं कार्ड निघालं आणि अध्यक्षांनी तिला इंजिनिअर साहेबांसाठी चहा आणायला पाठवलं. ती परत आली तेव्हा टीव्ही जसाच्या तसा चालू होता.

सपनाने कॉम्प्युटरची नोंद काढली. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने शुक्रवारी दुपारी पावणेएकला नवी पानं मागितली होती. टीव्ही नऊ सेकंद बंद होता. त्या वेळी खोलीत तीनच माणसं होती: पंजाबराव, नरेंद्र आणि शालिग्राम.

शालिग्राम हळूच खाकरले. वीस वर्षं पंजाबरावांच्या मागे दोन पावलं चालून त्यांच्या मानेला कायमचा बाक आला होता. "लाइन गेल्ती ना थोडीशी," ते म्हणाले. "कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर हाये, टीव्ही नाई."

खोलीतली हवा एकदम मोकळी झाली. लाइन गेली, टीव्ही गेला, मशीनने घोळ घातला, कुणाचाच दोष नाही. पंजाबरावांनी उदारपणे पोलिसांत जायचा बेत तिथल्या तिथे रद्द केला. मात्र देवाचा ट्रे घालायला वैष्णवी चुकली, हा हलगर्जीपणा झाला, तेव्हा तिला काढावं तर लागेलच. त्यांनी हे अशा सुरात सांगितलं की पोरीने आभार मानावेत.

दोन वाजले होते. सपनाने टीव्हीची वायर दोनदा काढून लावून पाहिली, मग ती बाहेर पडली आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरली.

४

गिरणीवाला सोमला शुक्रवारी बारापासून तीनपर्यंत जागचा हलला नव्हता. कुणाच्या तरी घरच्या लग्नाची ज्वारी होती, एवढी की त्याला डबासुद्धा उघडता आला नव्हता.

"लाइन? त्या दिवशी नाई गेली," तो म्हणाला. "गेली असती त मी जेवलो नसतो काय?"

एवढं पुरेसं होतं, आणि शिवाय लाइन जाऊन आल्यावर तो टीव्ही आपण होऊन कधीच सुरू व्हायचा नाही, हे सपनाने आत दोनदा करून पाहिलं होतं. म्हणजे कुणीतरी रिमोट हातात घेऊन तो बंद केला, नऊ सेकंद थांबला आणि सुरू केला. वैष्णवी चहा आणायला गेली असताना. प्रश्न तिघांपैकी कुणी, एवढाच होता, आणि सगळ्यांत मोठा फायदा ज्याचा तो बाहेर खुर्चीत बसून पंख्याखाली घाम पुसत होता.

सपना पंजाबरावांसमोर जाऊन बसली. तुमचं बियाणं खराब होतं म्हणून तुम्ही गोजराबाईंचा फोटो लाटला असं लोक म्हणतात, असं तिने सरळ तोंडावर सांगितलं. पंजाबराव संतापले, पण घाबरले नाहीत. त्यांचं बियाणं जिल्ह्यात पहिलं होतं, हे त्यांना त्यांच्या जन्मतारखेइतकं पक्कं ठाऊक होतं. पोती गोदामात होती. बैठकीत आणा, सगळ्यांसमोर फोडा, असं त्यांनी स्वतःच फर्मान सोडलं. मग त्यांच्या पोटातली खरी मळमळ बाहेर आली.

"अन् माहा नंबर बारा काहून?" ते म्हणाले. "संघ निघाल्यापासून माहा ट्रे पयला असते. शालिग्राम म्हणे, इंजिनिअर साहेबानं सांगतलं, मशीन गरम झाल्यावर फोटो चांगला येते."

चहाचंही सपनाने विचारून घेतलं. इंजिनिअर साहेबांचा चहा राहिला, अशी आठवण पंजाबरावांना शालिग्रामनेच करून दिली होती. पंजाबरावांना आपल्या मनाने कधी कुणाच्या चहाची आठवण आली असेल, यावर सपनाचा तसाही विश्वास बसला नसता. तिने आत जाऊन नरेंद्रला विचारलं. मशीन गरम करण्याबद्दल तो कुणाशीही बोलला नव्हता. उलट हा प्रश्न ऐकून त्याला हसू आलं, आणि या वेळी त्याचं हसणं बरोबर होतं.

चार वाजता बैठक भरली. पंजाबरावांचं पोतं मधोमध आणून त्याची शिवण उसवली गेली, आणि त्यांनी स्वतः ऐटीत ओंजळ भरून वर काढली. ओंजळीतला निम्मा दाणा जांभळ्या डागांचा होता. वास सगळ्या खोलीत गेला.

५

पंजाबराव ओंजळीकडे बघत राहिले. मुस्कटात बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि ते सोंग नव्हतं. ज्याला आपलं बियाणं सडलंय हे माहीत असतं, तो पोतं भरसभेत फोडायला लावत नाही. सपनाने संचालकांना हेच आधी सांगितलं. पंजाबराव गुन्हेगार नव्हते. आपल्याच पोत्यात एकदा हात घालून बघण्याइतके ते शेतकरीही नव्हते.

नरेंद्रही नव्हता. टीव्हीची ही खोड त्याला ठाऊक असती, तर मशीन चुकूच शकत नाही असं तो दोन दिवस छाती ठोकून सांगत बसला नसता. आज सकाळी त्याने आपल्याच हाताने केलेली मोडतोड कौतुकाने वर्णन करून सांगितली. त्याचं अज्ञान हाच त्याचा पुरावा होता, आणि तो भक्कम होता.

राहिला एक माणूस. मशीनच्या खोलीच्या खिडकीपलीकडे उभं राहून प्रत्येक ट्रे तोच भरतो आणि सरकवतो. वैष्णवी फक्त पडदा बघते, दाणे त्याच्याच नजरेखालून जातात. म्हणजे बारा नंबरचा ट्रे भरताना सडका दाणा त्याने पाहिला होता. देवाच्या ट्रेची पुडी तो आणायचा, त्यामुळे टीव्ही सुरू झाल्यावर पहिलं कार्ड मागच्या ट्रेचं येतं हे त्याला माहीत होतं. नंबराच्या चिठ्ठ्या त्यानेच लिहिल्या. ज्यांचा मान कधी चुकला नाही त्या अध्यक्षांना त्याने पहिल्या नंबरावरून उचलून बाराव्यावर ठेवलं, का तर अकरावा नंबर गोजराबाईंचा होता आणि त्यांच्या दाण्याला खोट नसते. चहाची आठवण त्याने केली, आणि बाकीचे दोघं गप्पांत गुंतलेले असताना रिमोट दाबला. आणि लाइन गेली होती असं सांगणारा सगळ्या शेलूबाजारात तो एकटाच माणूस होता.

कुणी कुणाकडे बघेना. शालिग्राम उभे राहिले. त्यांनी नाकारलं नाही, गयावया केली नाही. अवकाळी पाऊस झाला तेव्हा साहेबांच्या गोदामाचा पत्रा फुटला होता, ते पंजाबरावांकडे न बघता म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं.

"वीस वर्षांत साहेबाले वाईट खबर कोनंच नाई देल्ली," ते म्हणाले. "मीच येऊ देल्ली नाई. मंग आताच कसं सांगू?"

सपनाला त्यांची कीव यायला हवी होती. तिला आली ती किळस. एका माणसाला नाराज न करण्यासाठी या गृहस्थाने एका पोरीचं आयुष्य मोडायला काढलं होतं, आणि सडकं बी गावोगावी पेरलं जाणार होतं ते वेगळंच. तिने तसं स्पष्ट सांगितलं.

पंजाबराव मात्र फार लवकर सावरले. अशी माणसं सावरतातच. घरातली गोष्ट घरात राहावी, असं ते म्हणाले. त्यांचं बियाणं बाद, ते त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. वैष्णवीने उद्यापासून कामावर यावं. प्रोसिडिंगमध्ये लिहायचं की मशीनमधल्या तांत्रिक बिघाडामुळे प्रकार घडला, कुणाचाही दोष नाही. संचालकांच्या माना भराभर हलल्या. नरेंद्रने तर हात वर करून अनुमोदन दिलं, तो संचालक नव्हता तरी.

सपना काहीतरी झोंबणारं बोलणार होती. पण जिला दोन तासांत कुणी खुर्ची दिली नव्हती ती वैष्णवी आधी बोलली.

"मशीनची चूक मी रोज सांभाळत होती, साहेब," ती म्हणाली. "चार मानसांत तुमी माह्यं नाव घेतलं. आता नाव घालूनच लिवा."

पंजाबरावांनी सपनाकडे पाहिलं, जणू हे तिनेच पढवलं असावं. सपनाने नाही म्हणून मान हलवली. तिला हे सुचलंसुद्धा नव्हतं.

प्रोसिडिंग बुक सचिवांच्या पुढ्यात असतं आणि ठराव सचिवच लिहितात. दुसऱ्या कुणाला त्याची भाषा येत नव्हती, वीस वर्षांत कुणी शिकलंच नव्हतं. वैष्णवी टेबलाजवळ जाऊन उभी राहिली आणि सावकाश सांगू लागली. शालिग्राम लिहू लागले. बारा नंबरच्या कार्डात वैष्णवीने कोणताही फेरफार केलेला नाही. तो फेरफार सचिव, इथवर पेन आलं आणि थांबलं.

"लिवा काका," वैष्णवी म्हणाली. "तुमचं नाव तुमाले येते."

शालिग्रामनी नाव लिहिलं. मग वही फिरवून पंजाबरावांसमोर सरकवली आणि सहीची जागा बोटाने दाखवली, नेहमी दाखवायचे तशी. पंजाबरावांनी पेन हातात घेतलं आणि डावीकडे मान वळवली. याची काही गरज नाही, साहेब, असं सांगणारा माणूस रोज तिथेच उभा असायचा, आणि आताही उभा होता. तो खाली बघत होता. पंजाबरावांनी सही केली.